पापुद्र्यावर छापलेले आबा

माझ्या व्याह्यांनी भर साक्षगंधात स्वतःच्या वडिलांच्या फोटोने तोंड पुसलं, आणि ते पुसण्याची सगळी व्यवस्था मी केली होती.

व्यवस्था हा शब्द मी विचार करूनच वापरतो आहे. असं काही आपोआप होत नाही. त्यासाठी योग्य कागद शोधावा लागतो, प्रिंटर वश करावा लागतो आणि मे महिन्यात घरादाराला बिनपंख्याचं बसवावं लागतं. हे सगळं मी एकट्याने पार पाडलं. (श्रेय वाटून घ्यायला पुढे कोणी आलं नाही.)

मी चिखलीला राहतो. हायस्कूलमध्ये भूगोल शिकवून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात, शेतात लक्ष घालतात, निदान सकाळी फिरायला तरी जातात. मी रंगीत प्रिंटर घेतला. त्यावर काय छापायचं हे घेताना ठरलं नव्हतं. त्यामुळे सुरुवातीला मी स्वयंपाकघरातल्या डब्यांसाठी नावं छापली, मग नावाशेजारी चित्रं. मिठाच्या डब्यावर मिठाचा रंगीत फोटो पाहिला तेव्हा सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, डबा फिरवून मागची बाजूही पाहिली. मग तिने एवढंच विचारलं, की शाई संपली की हे थांबतं का.

अशात आमच्या पूर्वाचं लग्न जमलं. पूर्वा पुण्याला नोकरी करते, मुलगा निखिलही तिथलाच, पण मूळचा नांदुऱ्याचा. त्याचे वडील पुंडलिकराव हे धान्याचे जुने अडते. माणूस सज्जन, पण अतिशय कमी बोलणारा. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा पूर्ण दुपारभर बसले आणि त्यात "पंखा थोडा हळू करा" एवढंच बोलले. ते गेल्यावर आमच्या घरात दोन पक्ष पडले. सुनंदाचं म्हणणं, त्यांना मुलगी पसंत नाही. माझं म्हणणं, त्यांना पंखा पसंत नाही. शेवटी नांदुऱ्याहून होकार आला, तोही विहीणबाईंच्या फोनवरून. पुंडलिकरावांच्या मनात काय आहे, हे शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून साक्षगंधात (पुण्याकडे याला साखरपुडा म्हणतात) काहीतरी असं करावं की हा माणूस खूश झाला पाहिजे, हे मी मनावर घेतलं. घरात मी काही मनावर घेतलं की सुनंदा आधी महत्त्वाच्या वस्तू कपाटात ठेवते. या वेळी तिला वेळ मिळाला नाही.

पूर्वाने मला मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक बाई अगदी पातळ कागदावर फोटो छापत होती आणि तो कागद काचेच्या बरणीला बाहेरून चिकटवत होती. कागद इतका पातळ, की वाळल्यावर दिसेनासाच होतो. फोटो थेट काचेवर उमटल्यासारखा वाटतो. बरणीत छोटा दिवा ठेवला की चेहरे आतून उजळतात. पूर्वाने लिहिलं होतं, पुण्यात कोणी असं करून देतं का ते बघते. पुण्यात कशाला? घरात बाप आहे, बापाजवळ प्रिंटर आहे. मी तिला उलट कळवलं, की तू फक्त फोटो पाठव.

तिने पाठवले. दोघांचे, आम्हा दोघांचे, निखिलच्या आईवडिलांचे, त्याच्या काकांचे, आत्याचे. शिवाय निखिलने मुद्दाम एक पाठवला. पुंडलिकरावांचे वडील, आबा. डोक्याला फेटा, भरघोस मिशा, मागे कापसाने भरलेली बैलगाडी, आणि चेहऱ्यावर फोटो काढणाऱ्याबद्दलचा स्पष्ट राग. त्यांचा हा एकच फोटो आहे म्हणे. निखिल म्हणाला, बाबांना काही सांगू नका, त्यांना अचानक दिसू द्या. अचानक दिसू देण्याची जबाबदारी मी घेतली, आणि ती पुढे शब्दशः पाळली.

बरण्या गोळा करणं सोपं होतं. मी गल्लीत सगळ्यांना लोणचं लवकर संपवायला सांगितलं. कागदाचं मात्र जमेना. दुकानातला पतंगाचा कागद रंगीत निघाला, बटर पेपरवर शाई वाळेना, साडीच्या घडीतला कागद फार चुरचुरीत. शेवटी उपाय घरातच सापडला. हात पुसायचा टिशू पेपर घ्यायचा आणि त्याचे दोन पापुद्रे हळूच सोडवायचे. हा एकेरी पापुद्रा इतका नाजूक असतो, की कांद्याचं साल त्याच्यापुढे गोणपाट वाटावं. तो उचलताना श्वास धरावा लागतो. बोलता तर येतच नाही. (सुनंदाच्या मते त्या पंधरवड्यातला हा एकमेव फायदा.)

पहिला पापुद्रा मी तसाच प्रिंटरमध्ये घातला. प्रिंटरने तो गिळला. बाहेर काही आलं नाही. मी भुवया कोरायचा सुनंदाचा चिमटा घेऊन प्रिंटरच्या तोंडात बॅटरी मारत बसलो होतो, तेवढ्यात माझा मेव्हणा गजानन आला. तो उंद्रीला शेती करतो. साक्षगंधाच्या जेवणाचा सगळा कारभार त्याच्याकडे होता. तो दारातच थांबला, थोडं वाकून पाहिलं आणि काळजीने म्हणाला, "भाऊजी, काय रुतलं त्याच्या घशात?"

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, आत जाऊन बहिणीकडून चहा घेतला आणि जाताना तिला हळूच विचारलं, की निवृत्तीनंतर सगळ्यांचंच असं होतं का.

मग मी शास्त्रशुद्ध मार्ग धरला. जाड कागदावर पापुद्रा पसरायचा आणि कडांना डिंक लावून चिकटवायचा, म्हणजे प्रिंटरला वाटतं जाडच कागद आहे. प्रिंटरला तसं वाटलं. पण एका कोपऱ्याला डिंक कमी पडला. तो कोपरा उचलला गेला, आतल्या फिरत्या भागात अडकला, आणि जावईबापूंचा चेहरा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत ताणला गेला. पुढच्या वेळी कडा पक्क्या केल्या, तर शाई जास्त पडली. पापुद्रा शाई पितो, आणि पोट भरल्यावर इकडेतिकडे सोडतो. विहीणबाईंचं कुंकू नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरलं. त्यांच्या शेजारी पुंडलिकरावांच्या मिशा वाढत वाढत दाढीला मिळाल्या. मी शाई कमी केली. मग सगळं नांदुरा आजारी दिसायला लागलं.

हळूहळू जमत गेलं. शाई किती, डिंक किती, छापून झाल्यावर पापुद्रा कसा सोडवायचा, हे हाताला कळलं. पण एक अडचण राहिलीच. छापलेले पापुद्रे वाळेपर्यंत पसरून ठेवावे लागत. पलंगावर, सोफ्यावर, शिलाई मशीनवर, देवघराच्या कट्ट्यावर, सगळीकडे व्याही पसरले होते. पंखा लावला की ते उडत. कूलर लावला की त्याच्या ओल्या हवेने त्यांच्या डोळ्यांतून शाई वाहू लागे. म्हणून पंखाही बंद आणि कूलरही बंद. मे महिना, बुलढाणा जिल्हा. सुनंदा ओल्या पंच्याने मान पुसत दारात बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "आत नका जाऊ, पाव्हणे वाळून राह्यले." एकदा तिला शिंक आली आणि नवऱ्याकडची सगळी मंडळी कपाटाखाली गेली. ती मी काठीने एकेक बाहेर काढली.

यात एक गोष्ट खरी, की आबा सगळ्यांत सुंदर आले. जुन्या फोटोचा तो फिकट तपकिरी रंग, पापुद्र्यातून आरपार येणारा उजेड, फेट्याची घडी न् घडी. खिडकीसमोर धरला तर माणूस आत्ता रागावून काही बोलेल असं वाटे. मी सुनंदाला हाक मारली. तिनेही बघितलं आणि पहिल्यांदाच माझ्या प्रिंटरबद्दल बरा शब्द काढला. ती म्हणाली, "हे मात्र पाहून पुंडलिकराव रडतीन."

या एका वाक्याने मी वाहवलो. आबांसाठी मी सर्वांत मोठी बरणी राखून ठेवली. फाटला तर असावा म्हणून आणखी आबा छापले. मग बाकीच्यांचेही जादा छापले. हात बसला होता, शाई होती, टिशू होते. थांबायचं काही कारणच दिसेना.

साक्षगंध चिखलीतल्याच एका छोट्या मंगल कार्यालयात होतं. बाकीच्या बरण्या घरूनच तयार नेल्या. आबांची मोठी बरणी मात्र रस्त्यात गचका बसून तडकली. मी घाबरलो नाही. दुसरी बरणी मिळवून तिथेच आबा चिकटवायचे ठरवलं, आणि सगळे जादा पापुद्रे बरोबर घेतले. बरणीच्या मापाने कापलेले ते चौकोन कशात न्यावेत हा प्रश्न होता. तेव्हा मला टिशूचा रिकामा खोका दिसला. त्यात ते इतके नेमके बसले, जणू तिथलेच होते. (होतेच.) शाई घासली जाऊ नये म्हणून मी सगळे उलटे ठेवले, कोरी बाजू वर. मग तो खोका जेवणाच्या टेबलावर ठेवून मी बरणी शोधायला गेलो.

बरणी मिळाली, पण परत आलो तेव्हा नांदुऱ्याची गाडी येऊन उभी होती आणि आबा चिकटवायचे राहून गेले. गाडीतला एसी मोताळ्याजवळच बंद पडला होता. पाहुणे उतरले ते अंघोळ करून आल्यासारखे. मी दारात गुलाबदाणी घेऊन उभा राहिलो आणि आधीच निथळणाऱ्या त्या मंडळींवर मनापासून गुलाबपाणी शिंपडलं. गजानन आत थंड पाण्याचे ग्लास फिरवत होता. सगळे स्थिरस्थावर झाले. कूलर सुरू झाले. माझ्या बरण्या ओळीने मांडल्या होत्या आणि प्रत्येकीत दिवा लागला होता. साक्षगंध भर दुपारी होतं, त्यामुळे दिवे लागले आहेत हे फक्त मला माहीत होतं.

थोड्या वेळाने सुनंदा माझ्याजवळ आली. नजर पाहुण्यांवरच ठेवून तिने हळू आवाजात विचारलं, "त्यांच्याकडे मोठ्या माणसाले तीट लावायची पद्धत आहे का हो?"

मी पाहिलं. निखिलच्या आत्याच्या कपाळावर एक काळी आडवी रेघ होती. काकांच्या गालावर निळसर डाग होता. विहीणबाईंच्या हनुवटीवर काहीतरी तपकिरी होतं. मला वाटलं, असेल पद्धत. आपल्या जिल्ह्यातच दर पंधरा कोसांवर रीत बदलते, हे मी वर्गात शिकवलेलं होतं. मी सुनंदाला सांगितलं, की विचारू नको, वाईट दिसेल.

तेवढ्यात आत्याबाईंनी हातातला टिशू पुन्हा एकदा मानेवरून फिरवला, आणि मानेवर माझा डावा कान उमटला.

मी पाहुण्यांसमोरच्या टेबलाकडे वळून पाहिलं. माझा खोका मधोमध उघडा होता. एकेरी पापुद्र्याने घाम टिपला जात नाही, म्हणून लोक तीन-चार एकदम उचलत होते. मी गजाननला बाजूला घेतलं. तो म्हणाला, की टिशू कमी पडतील म्हणून टेबलावर पडलेला खोका त्याने पाहुण्यांसमोर मांडला. मी विचारलं, त्यावर मागून काही उमटलेलं दिसलं नाही का? दिसलं, तो म्हणाला. "मले वाटलं फुलं हायेत."

मी पाहुण्यांच्या रांगेकडे निघालो. प्रत्येकाच्या हातून टिशू काढून घ्यावा, काहीतरी कारण सांगावं, असा माझा विचार होता. कारण सुचलं नव्हतं. आणि तेव्हाच पुंडलिकराव दिसले. ते खुर्चीत टेकून बसले होते. त्यांनी हातातल्या टिशूने कपाळ पुसलं, मग गाल, मग सावकाश मिशा, आधी डावी, मग उजवी. मग टिशू उलटवून स्वच्छ बाजू शोधायला उघडला.

ते बघतच राहिले.

मी तिथेच थांबलो. विहीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे, आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. काकांनीही स्वतःचा टिशू उघडला. त्यात विहीणबाई होत्या. आत्यांच्या टिशूत मी होतो. एकेक करत पूर्ण रांगेने टिशू उघडले. पूर्वा आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलंच नाही. लग्न मोडण्याची कारणं मी आयुष्यात बरीच ऐकली आहेत. हे त्यांत कुठे बसेल, याचा मी विचार करत होतो.

"हे आबा हायेत," पुंडलिकराव म्हणाले.

त्यांनी मान वर केली. "सर, तुम्ही छापले?"

मी हो म्हणालो. बरणीचं सांगायला लागलो, मग डिंकाचं, मग पापुद्र्याचं, आणि मध्येच थांबलो, कारण ऐकायला फार वाईट वाटत होतं. गजाननने मला वाचवायचा प्रयत्न केला. तो पुढे होऊन म्हणाला, की चूक त्याची आहे, पण फोटो मात्र भाऊजींनी फार मेहनतीने टिशूवर घेतले. त्याने मदत झाली नाही.

पुंडलिकरावांचे खांदे हलायला लागले. सुनंदाने माझा हात घट्ट धरला. मुलाच्या साक्षगंधात बाप रडतो आहे आणि तो आपल्यामुळे रडतो आहे, हे बघणं सोपं नसतं. त्यांनी डोळे पुसायला टिशू वर नेला, अर्ध्यावर थांबले, त्याच्याकडे पाहिलं आणि तो पुन्हा मांडीवर ठेवला. मग त्यांच्या तोंडून आवाज फुटला. ते हसत होते. मोठ्याने, खोकला येईपर्यंत. विहीणबाई नंतर म्हणाल्या, की घरातल्यांनीही हा आवाज बऱ्याच वर्षांनी ऐकला, त्यामुळे आधी कोणाला ओळखूच आला नाही.

ग्लासभर पाणी पिऊन ते बोलायला लागले. "लहानपणी आंबा खाल्ला अन् हात आबाच्या धोतराले पुसले. कोरं धोतर होतं, बाजाराच्या दिवशीचं. त्यानं मले दिवसभर गोठ्यात बसवून ठेवलं. तवापासून मी त्याच्यापासून चार हात लांबच राह्यलो. तो गेला तरी त्याच्या फोटोखाली कधी बसलो नाही." त्यांनी टिशू सरळ केला. आबा अर्धे वाहून गेले होते, पण राग जागेवर होता. "आज पाहा. सगळं तोंड पुसलं, अन् तो काही बोलून नाही राह्यला."

यावर आत्याबाई हसल्या, मग काका, आणि मग कोणालाच आवरेना. आत्यांनी आबांच्या रागाच्या आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पुंडलिकरावांनी त्या दुरुस्त करून सांगितल्या. पूर्वा हसत हसत खाली बसली आणि तिचा मेकअप वाहिला. तिला कोणीतरी टिशू दिला. तिने घेण्याआधी तो नीट तपासून पाहिला. शिकलेली मुलगी आहे.

सगळ्यांची तोंडं धुवायचा कार्यक्रम वेगळा झाला. शाई साबणाने अर्धीच गेली. फोटोग्राफरने मला बाजूला घेऊन विचारलं, की मुलाकडच्या मंडळींवर काही खास लाईट टाकली आहे का, कारण सगळे निळसर येत आहेत. अल्बममध्ये अजूनही तसेच आहेत. आमच्याकडची बाजू उन्हात भाजल्यासारखी, त्यांच्याकडची चांदण्यात बसल्यासारखी. अंगठ्या घातल्या, ओटी भरली, जेवणं झाली. निघताना पुंडलिकरावांनी मला विचारलं, आबांचा एखादा कोरा आहे का. मी खोका पाहिला. एकही नव्हता. आबा सगळ्यांत वर ठेवले होते, त्यामुळे तेच आधी संपले. मी म्हणालो, दोन दिवसांत छापून पाठवतो. ते म्हणाले, राहू द्या. वापरलेलाच टिशू त्यांनी नीट चौघडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

मी मोठ्या समाधानाने घरी आलो. माणूस खूश झाला होता, आणि ज्या मार्गाने झाला तो माझाच होता. लग्नाला सहा महिने होते. माझ्या डोक्यात अक्षतांच्या पुड्यांवर दोघांचे फोटो छापायचं सुरू झालं होतं.

लग्नाच्या बैठकीला आम्ही नांदुऱ्याला गेलो. मी मुलीचा बाप, त्यामुळे काय मागणी येते याचं थोडं दडपण होतं. पुंडलिकरावांनी चहा होऊ दिला आणि म्हणाले, की देवाच्या दयेने घरात सगळं आहे, मुलीकडून काही नको. फक्त एक विनंती आहे, आणि तेवढी मानलीच पाहिजे. लग्नात सरांनी स्वतःच्या हाताने काही बनवू नये.

मी याचा विचार करून सांगतो, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तोवर सुनंदाने उठून विहीणबाईंना साखर भरवली होती.